पिट्ठू कुणाच्या पाठीवर?

पायदळातल्या जवानाचा पिट्ठू भरला जात असताना शेजारी उभे राहून पाहावे. तळाशी झोपण्याची पिशवी, तिच्यावर गरम कपड्यांचा जादा जोड, कोरडे मोजे, पावसाळी कापड. मग शिधा. मग पाणी. पाणी लिटरला किलो भरते, त्यात कुणालाच सूट नाही. रेडिओच्या जादा बॅटऱ्या, मलमपट्टी, दोर, खंदक खणायचे लहान फावडे. हे झाले पाठीवरचे. अंगावर बुलेटप्रूफ जाकीट, डोक्यावर हेल्मेट, छातीवर मॅगझिन आणि हातगोळे, हातात रायफल. इन्सास रायफल रिकामीच चार किलोंच्या पुढे भरते. शिवाय तुकडीचे सामाईक ओझे सगळ्यांत वाटलेले असते. मशीनगनच्या गोळ्यांचे पट्टे एकाकडे, ८१ मिलिमीटर मॉर्टरचे चार-चार किलोंचे दोन गोळे दुसऱ्याकडे, त्याच मॉर्टरची जड बैठक तिसऱ्याच्या पाठीवर. यातली कुठलीही एक वस्तू उचलून ‘ही मागे ठेवू या का?’ असे विचारले, तर तिची बाजू घेणारा कुणीतरी निघतोच आणि त्याचे म्हणणे खरेही असते. बर्फात मोजे ओले राहिले तर पायाची बोटे जातात. बॅटरी संपली तर तोफखान्याला हाक मारता येत नाही. अशी एकेक खरी कारणे जमत जातात आणि त्यांची बेरीज एका माणसाच्या दोन गुडघ्यांवर येऊन पडते.

ही बेरीज किती होते? एप्रिल-मे २००३ मध्ये अफगाणिस्तानात मोहिमांवर निघालेल्या अमेरिकी पायदळाच्या अंगावरचे सामान पद्धतशीरपणे मोजले गेले. प्रत्यक्ष लढताना अंगावर राहणारे ओझे सरासरी २९ किलोंच्या आसपास निघाले. पिट्ठूसकट चालताना ते ४६ किलोंवर गेले आणि सर्वांत बिकट मोहिमांत ६० किलोंवर. जगातल्या सर्वांत श्रीमंत सैन्याची, हेलिकॉप्टर हाताशी असतानाची ही गत होती.

या ओझ्याखाली माणसाच्या जागी यंत्र उभे करता येईल का, चार पायांचे किंवा आठ चाकांचे, हा या पुस्तकाचा विषय आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. यंत्र येईल, काही ठिकाणी आलेही आहे, आणि ते यावे असे मला मनापासून वाटते. पण सैन्यात हलका झालेला खांदा फार दिवस हलका राहत नाही. रिकामी झालेली जागा दिसली की तिथे ठेवायला नवी वस्तू तयारच असते. म्हणून यंत्र किती उचलते हे विचारण्याआधी त्याच्यामुळे जवानाच्या पाठीवरून किती उतरले, हे विचारायला हवे. ओझे वाहणाऱ्या यंत्रांच्या बातम्या वाचताना हा दुसरा आकडा शोधत राहण्याची सवय मला लागली आणि तो बहुधा सापडत नाही. हे पुस्तक लिहावेसे वाटले ते त्यामुळे.

ओझ्याची किंमत शरीर कशी मोजते हे आता नीट ठाऊक आहे. अमेरिकी लष्कराच्या नॅटिक येथील संशोधन संस्थेत पँडॉल्फ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये एक समीकरण मांडले. ते आजही वापरात आहे. माणसाचे वजन, ओझे, चालण्याचा वेग, चढ आणि पायाखालची जमीन एवढे दिले की शरीर किती ऊर्जा खर्च करेल याचा अंदाज येतो. जमिनीसाठी त्यात एक गुणक आहे. डांबरी रस्त्याला तो एक धरला, तर दाट झुडपांना दीड आणि भुसभुशीत वाळूला दोनाहून थोडा अधिक. म्हणजे तेच ओझे, तोच वेग, पण पायाखाली वाळू आली की चालण्याचा खर्च दुपटीवर जातो. त्यात चढ आला की तो आणखी वाढतो. आणि पाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो. खर्च वाढलेला असतो आणि छातीत येणारा प्राणवायू घटलेला असतो. कारगिलमधल्या टायगर हिलचे शिखर पाच हजार मीटरच्या थोडे वरच आहे. १९९९ च्या उन्हाळ्यात तिथल्या कड्यांवर रात्रीच्या अंधारात चढणाऱ्या जवानांनी शिधा कमी करून काडतुसे जास्त घेतल्याच्या आठवणी वारंवार वाचायला मिळतात. उपाशी राहणे परवडले, गोळ्या संपणे परवडणार नव्हते. ओझ्याचा निर्णय शेवटी असा पोटावर येतो.

नुकसान थकव्यापुरते राहत नाही. पट्ट्यांचा दाब खांद्यातल्या नसांवर तासन्‌तास राहिला की हात बधिर होतो, कधी काही आठवडे उचलताच येत नाही. गुडघे आणि कंबर पंचविशीत कुरकुरायला लागतात. निवृत्त होऊन गावी परतलेल्या फौजीला सातारा-कोल्हापूरच्या कुठल्याही गावात विचारा. युद्धाच्या गोष्टी तो हातचे राखून सांगेल, पण कंबरदुखीबद्दल मोकळेपणाने बोलेल.

एस. एल. ए. मार्शल या अमेरिकी लष्करी इतिहासकाराने १९५० साली सैनिकाच्या ओझ्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर उतरलेल्या जवानांची कहाणी त्याच्या मनात घर करून होती. नावांतून उड्या टाकल्या त्या माणसांच्या अंगावर इतके सामान होते, की खोल पाण्यात पडलेले कित्येक जण गोळी लागण्याआधीच बुडाले. जे किनाऱ्याला लागले त्यांना भिजलेले ओझे घेऊन वाळूचा पट्टा धावत ओलांडता येईना. मार्शलने एक मर्म नेमके पकडले. थकवा आणि भीती शरीरात एकच काम करतात. जड ओझ्याने दमलेला माणूस भ्यायलेल्या माणसासारखा वागतो आणि भ्यायलेला माणूस अधिक लवकर दमतो. लढाईत ४० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १८ किलोंच्या वर कुणाच्या अंगावर काही नको, असा त्याचा आग्रह होता. मार्शलने गोळीबाराबद्दल दिलेल्या आकड्यांवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले. ओझ्याबद्दलचे त्याचे निरीक्षण मात्र टिकले. त्याचे पुस्तक सैन्यांनी वाचले आणि ओझे वाढवतच नेले.

फॉकलंडचे युद्ध या बाबतीत फार बोलके आहे. २५ मे १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या क्षेपणास्त्रांनी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज पेटले आणि त्याच्यावरच्या चारपैकी तीन चिनूक हेलिकॉप्टरांची राख झाली. एका दुपारी बरीचशी वाहतूक माणसांच्या पाठीवर आली. रॉयल मरीन्सने सुमारे ३६ किलो ओझे घेऊन चिखल-दलदलीतून जवळपास ९० किलोमीटर अंतर तीन दिवसांत कापले. त्या चालण्याचे ब्रिटनमध्ये आजही कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण जहाज बुडाले नसते तर ती माणसे चाललीच नसती. वाहनावर भिस्त ठेवणाऱ्या सैन्याचे वाहन गेले की उरतात फक्त पाय, हा त्यातला भाग कौतुकात झाकला जातो.

मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. शिवाजी महाराजांच्या फौजेची ताकद हलके असण्यात होती. तोबरा, भाला, घोंगडी घेऊन घाट उतरणारा स्वार मोगलांच्या अवजड छावणीला हाती लागत नसे. पुढे १७६१ साली पानिपतावर मराठी फौजेबरोबर बुणग्यांचा आणि यात्रेकरूंचा इतका मोठा लवाजमा होता, की रसद तुटताच लढणाऱ्यांआधी तीच गर्दी उपाशी पडली आणि तिने फौजेचे पाय बांधून टाकले. ओझे पाठीवर असो की मागे चालत असो, ते लढाईत उतरतेच.

माणूस आणि ट्रक यांच्या मधली जागा शेकडो वर्षे खेचराने सांभाळली. भारतीय सैन्यात ते काम अजून संपलेले नाही. सेना सेवा कोअरच्या पशुवाहतूक तुकड्यांतली खेचरे डोंगरातल्या चौक्यांवर रॉकेल, शिधा आणि दारूगोळा पोचवतात. ब्रिटिश अमलात सामान्य कामाच्या खेचरावर दोन मण, म्हणजे सुमारे ७२ किलो लादायचे असा हिशेब होता. लादणे हे खरे कसब आहे. दोन्ही बाजूंचे वजन सारखे लागते, नाहीतर खोगीर एका अंगाला कलते आणि पहिल्याच अवघड वळणावर जनावर बिचकते. वजन उंच गेले तर चढाला तोल जातो, खाली लोंबले तर कातळाला घासते. दोर आवळताना खेचर पोट फुगवते, म्हणून थोडे चालवून तो पुन्हा आवळावा लागतो. हे सगळे खेचरवाल्याच्या हातांना ठाऊक असते.

यंत्रांच्या युगात खेचर संपले असे वाटत असतानाच ते परत बोलवावे लागल्याचा एक प्रसंग मुंबईशी जोडलेला आहे. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश सैन्य पूर्ण मोटारींवर आले होते. हिवाळ्यात फ्रान्सच्या चिखलात मोटारींचे नाकी नऊ येणार हे दिसताच भारताकडून खेचरे मागवली गेली. चार खेचर-कंपन्या मुंबई बंदरातून निघाल्या आणि डिसेंबर १९३९ च्या अखेरीस मार्सेय येथे उतरल्या. १९४० च्या पडझडीत त्यांतली एक कंपनी जर्मनांच्या हाती लागली. बाकीचे जवान फ्रान्समधून सुटले, खेचरे मागे राहिली. पुढे इटलीच्या डोंगरांत दोस्त सैन्यांनी पुन्हा खेचरेच धुंडाळली. त्याच इटलीत ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी गोळ्यांच्या वर्षावात दोन जखमी साथीदारांना एकामागून एक खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून नेले आणि मग एकट्याने शत्रूच्या मशीनगन शांत केल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जखमी माणूस हे रणांगणावरचे सर्वांत जड ओझे असते आणि त्याच्याजवळ पोचणारे वाहन सर्वांत क्वचित मिळते. यंत्रांचा विचार करताना मला सर्वांत मोठी आशा याच एका कामात दिसते.

यांत्रिक खेचराची आधुनिक कथा २००५ साली सुरू होते. मार्क रायबर्ट यांच्या बोस्टन डायनॅमिक्स कंपनीने अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण संशोधन संस्थेच्या पैशांतून ‘बिगडॉग’ बनवला. सुमारे ११० किलोंचे, चार पायांचे, डोके नसलेले धूड. त्याचे चित्रीकरण ज्यांनी पाहिले ते विसरलेले नाहीत. बाजूने एक माणूस त्याला जोराची लाथ घालतो. धूड आडवे भेलकांडते, चारही पाय फाकतात, एक पाय दुसऱ्याच्या पुढे घाईने पडतो, आणि दोन-तीन पावलांत ते सावरून पुढे चालू लागते. दुसऱ्या तुकड्यात ते बर्फावर घसरते, गुडघ्यांवर येते, धडपडून उठते. तोल सावरायचे गणित यंत्राला जमले होते. पायांतले द्रवदाबाचे सांधे हलवायला लागणारी शक्ती मात्र एका टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनातून येत होती आणि त्याचा आवाज शेतातल्या पेट्रोलवरच्या फवारणी पंपासारखा कानठळ्या बसवणारा होता.

‘बिगडॉग’चा मोठा भाऊ ‘एलएस-३’. त्याने १८० किलोंच्या आसपास ओझे घेऊन, मध्ये इंधन न भरता, एका दिवसात ३२ किलोमीटर जावे ही अपेक्षा होती. जुलै २०१४ मध्ये हवाई बेटांवरच्या ‘रिमपॅक’ सरावात तो मरीन सैनिकांबरोबर चालला. सैनिकांमागून तो बराचसा भूभाग पार करी, त्यांना पाणी पोचवी. पण गस्तीवर निघालेली तुकडी दबकत जाते, आणि या जनावराचा आवाज तिचा ठावठिकाणा दूरवर सांगत होता. शिवाय ते बिघडले तर रानात दुरुस्त कोण करणार? २०१५ च्या अखेरीस तो प्रकल्प बाजूला ठेवल्याचे जाहीर झाले. त्याच काळात ‘स्पॉट’ हे विजेवरचे लहान यंत्र तपासले गेले. ते शांत होते, पण त्याची वाहण्याची ताकद फारच कमी.

अडचण ऊर्जेची आहे आणि ती अजून सुटलेली नाही. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ हजार वॉट-तास ऊर्जा असते. चांगल्या लिथियम बॅटरीत किलोमागे अडीचशेच्या आसपास. इंजिन पेट्रोलमधली तीन-चतुर्थांश ऊर्जा उष्णतेत घालवते हे धरले, तरी पेट्रोल दसपटीहून पुढे राहते. थंडीत बॅटरी आणखी गळपटते. पेट्रोल दूर नेते पण ओरडते, वीज गुपचूप नेते पण लवकर संपते. आणि बॅटरी संपलेले यंत्र रानात पडले की ते स्वतःच एक ओझे होते. खेचर निदान चारा सोडला तर काही मागत नाही. त्याला घरची वाटही ठाऊक असते. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानी सैन्याच्या हाती लागलेली पेडोंगी नावाची खेचरी पाठीवर शत्रूची मशीनगन आणि दारूगोळा तसाच घेऊन भारतीय हद्दीत परतली, ही आपल्या सैन्यात मानाने सांगितली जाणारी हकिकत आहे. असे परतणे कुठल्याही यंत्राला अजून जमलेले नाही.

पायांचा नाद सोडून चाकांकडे वळलेल्या सैन्यांनी जास्त मजल मारली. अमेरिकी लष्कराने २०१९ मध्ये जनरल डायनॅमिक्सच्या आठ चाकी वाहकाची निवड केली आणि ६२४ गाड्यांची मागणी नोंदवली. नऊ जणांच्या तुकडीचे सुमारे ४५० किलो सामान घेऊन ७२ तासांत ९७ किलोमीटर जाणे आणि थांबल्यावर रेडिओ-बॅटऱ्यांना वीज पुरवणे, ही त्याच्याकडून अपेक्षा. बेत उत्तम होता. मग पुढच्या आवृत्तीचा विचार सुरू झाला आणि वाहण्याची क्षमता दुप्पट हवी अशी मागणी आली. अशा वाहकांवर हत्यारे आणि ड्रोनविरोधी साधने बसवण्याचे प्रयोगही चालू आहेत. ओझे हलके करायला आलेली गाडी अशी स्वतःच लढाऊ गाडी होत जाते, आणि जवानाच्या पाठीवरचे मूळ ४६ किलो कुठे आहेत हे विचारायला कुणी उरत नाही. मी सुरुवातीला म्हटले ते याच अनुभवावरून.

युक्रेनने चित्र वेगळ्याच बाजूने बदलले. तिथे आघाडीच्या मागचे कित्येक किलोमीटर ड्रोनच्या नजरेखाली असतात. ट्रक दिसला की संपला, आणि चालणारा माणूसही फार सुरक्षित नाही. म्हणून लहान, बसकी, चाकांची किंवा साखळीपट्ट्यांची यंत्रे पाणी, दारूगोळा घेऊन खंदकांपर्यंत जातात आणि येताना जखमींना आणतात. एस्टोनियाच्या मिल्रेम कंपनीचे ‘थेमिस’ वाहन २०२२ मध्ये तिथे पोचले, आणि त्यापाठोपाठ तिथल्या छोट्या कार्यशाळांनी कितीतरी स्वस्त वाहने स्वतःच जोडली. ती वाटेत निकामी होतात, चिखलात रुततात, आणि तरीही वापरली जातात, कारण त्यांच्या जागी जायचे तर माणसाला जावे लागेल. इथे यंत्राचा हिशेब किलोंमध्ये होतच नाही. तो वाचलेल्या माणसांमध्ये होतो आणि म्हणून तो चोख आहे.

आपल्याकडे १५ जानेवारी २०२५ रोजी पुण्यात, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर सेनादिनाचे संचलन प्रथमच झाले आणि त्यात चार पायांची ‘म्यूल’ यंत्रे रांगेने चालली. लहान मुले आईवडिलांच्या खांद्यांवर बसून ती बघत असल्याची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी घरोघर पोचली. सैन्याने तातडीच्या खरेदीतून अशी १०० यंत्रे घेतली आहेत. उणे ४० ते ५५ अंश तापमानात ती चालतात, पायऱ्या आणि चढ चढतात असे सांगितले जाते. ती सुमारे १५ किलो वाहतात. हा आकडा मनात ठेवावा. नाव खेचराचे असले, तरी हे यंत्र एका जवानाच्या पिट्ठूचाही पुरता भार घेऊ शकत नाही. त्याचे खरे काम कॅमेरा पुढे नेऊन घराच्या आत किंवा खडकाच्या आड काय आहे ते दाखवण्याचे आहे, आणि त्या कामात ते जवानाचा जीव वाचवू शकते. ते मोलाचे आहेच. पण त्याला ओझ्यावरचा उपाय म्हणून मिरवणे चुकीचे ठरेल. पलीकडे चिनी सरकारी माध्यमांनी २०२२ मध्ये १६० किलो वाहणारा यांत्रिक याक दाखवला. त्याचे चलच्चित्र पाहून घाबरायचे कारण नाही. पण लडाखच्या पलीकडेही हाच प्रश्न सोडवायला माणसे बसली आहेत, एवढे त्यातून समजते.

पुण्यातच दिघीला संरक्षण संशोधन संस्थेची अभियांत्रिकी प्रयोगशाळा आहे. बॉम्ब निकामी करणारा ‘दक्ष’ तिथलाच. तेव्हा हे काम जमणारी माणसे आपल्या घराशेजारी आहेत. त्यांच्यासमोरचा डोंगर मात्र अमेरिकेच्या किंवा युक्रेनच्या मैदानासारखा नाही. आपल्या चौक्या अशा वाटांवर आहेत जिथे चाके निम्म्यावर थांबतात आणि पुढे पायच लागतात. अशा ठिकाणी मला एक यंत्र पुरेसे वाटत नाही. पायथ्यापर्यंत चाकांचा वाहक, त्यापुढे मालवाहू ड्रोन, शेवटच्या कातळावर माणूस किंवा खेचर, अशी साखळीच शहाणपणाची दिसते.

या साखळीत आणखी एक कडी आहे, जिची चर्चा क्वचित होते. लडाख आणि काश्मीरच्या सीमेवरच्या खेड्यांतले हमाल. सियाचेनच्या वाटेवर सैन्याचे रॉकेल आणि शिधा त्यांच्या पाठीवर गेला आहे. हिमस्खलनात आणि भेगांत त्यांनीही जीव गमावले आहेत, आणि त्यांची नावे स्मारकांवर सहसा कोरली जात नाहीत. यंत्र आले तर त्यांचा धोका कमी होईल आणि त्यांची मजुरीही जाईल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्या वाटा त्यांना पावलागणिक पाठ आहेत, त्या यंत्राला शिकवण्याचे, यंत्र सांभाळण्याचे काम त्यांच्याच मुलांना मिळावे असे मी पुढे सविस्तर मांडले आहे.

चाचण्यांबद्दलही एक प्रकरण आहे. यंत्राच्या चाचणीचा अहवाल आला की त्यात वेग, भार, चढाचा कोन आणि तापमान असते. माझी मागणी साधी आहे. त्याच अहवालात तुकडीतल्या प्रत्येक जवानाचा पिट्ठू यंत्राआधी किती किलोंचा होता आणि यंत्र सोबत आल्यावर किती उरला, हे दोन रकाने असावेत. माथ्यावर पोचल्यानंतर त्याची नाडी किती होती आणि रायफलचा नेम किती बसला, हे आणखी दोन. सहा महिन्यांनी त्याच तुकडीचे पिट्ठू पुन्हा तोलावेत.

पहिले प्रकरण खेचरावर आणि त्याला लादणाऱ्या माणसांवर आहे. दुसऱ्यात सांधे, मोटारी आणि बॅटऱ्यांचे तपशील येतात. ज्यांना यंत्रशास्त्राची ओढ नाही त्यांनी ते ओलांडून थेट युक्रेनच्या प्रकरणाकडे गेले तरी हरकत नाही.